कॉलेजात अभ्यासाची सवय कशी लावायची: पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी

यंदा माझी भाची कॉलेजात गेली, एफवाय बीए, इकॉनॉमिक्स मेजर. बारावीला मार्क चांगले होते त्यामुळे घरात कुणालाच काळजी नव्हती, आणि ऑगस्टात पहिली आयएसए, म्हणजे सेमेस्टरच्या मधली कॉलेजातली परीक्षा झाली, तर २० पैकी ९. रात्री फोन आला, रडत होती. "मावशी, मी तो चॅप्टर चार वेळा वाचला होता गं, घरी सगळं येत होतं, पेपर बघितला आणि काहीच आठवेना."

हे वाक्य मला पाठ आहे, कारण माझ्या पहिल्या सेमेस्टरला मी केमिस्ट्रीत नापास झाले तेव्हा मीपण आईला हेच सांगितलं होतं. तेव्हा मला वाटलं होतं की आपलं डोकंच कॉलेजच्या लायकीचं नाही. पुढे बीएस्सी झालं, आता गावातल्या मुलांना संध्याकाळी शिकवते, आणि इतक्या वर्षांत दर ऑगस्टला दोन-तीन मुलं तरी हेच वाक्य घेऊन येतात, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढूया, भाचीला फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगितलं ते एका जागी.

आधी एवढं समजून घ्या की बारावीपर्यंत आपण अभ्यास करत नव्हतो, आपल्याकडून तो करून घेतला जात होता. ट्यूशनवाले सर होते, नोट्स डिक्टेट करणाऱ्या मॅडम होत्या, दर पंधरा दिवसांनी टेस्ट, वही तपासली जायची. कॉलेजात हे सगळं एकदम बंद होतं आणि त्यात विषय वाढतात. गोव्यात २०२३-२४ पासून डिग्रीला एनईपी, म्हणजे नवं शैक्षणिक धोरण लागू झालं, तेव्हापासून मेजर, मायनर, मल्टिडिसिप्लिनरी, स्किल कोर्स असं कायकाय एकाच वेळी चालू असतं. मागे लागणारं कुणी नाही. तेव्हा मागे लागायचं काम सवयीला द्यायचं, एवढाच सगळा मामला आहे.

पायरी १: टाईमटेबल करू नका, आधी आठवडाभर वेळ लिहा

पहिल्याच दिवशी स्केचपेन घेऊन पहाटे ५ ते रात्री ११ असं रंगीत टाईमटेबल करायचं आणि चौथ्या दिवशी ते भिंतीवरून काढायचं, हे मी इतक्या मुलांचं बघितलंय की आता मी टाईमटेबल करूच देत नाही. त्याऐवजी सात दिवस एका छोट्या डायरीत फक्त लिहा, किती वाजता काय केलं. खरं लिहा, कुणाला दाखवायचं नाहीये.

भाचीने लिहिलं तेव्हा काय निघालं बघा. सकाळी साडेसहाची बस, वाळपईहून साखळी, डिचोली करत जाणारी. कॉलेज सुटून घरी यायला चार. जेवण, मग झोप, साडेपाचला उठायचं, चहा, मग फोन, तिन्हीसांजा झाल्या की देवाजवळ दिवा, परत फोन, थोडं वाचन, जेवण, परत फोन. फोनच्या सेटिंगमध्ये रोजचा वेळ दिसतो तो बघितला तर पावणेतीन तास, आणि ती म्हणत होती मला वेळच मिळत नाही. मी तिला ओरडले नाही, ओरडण्यासारखं काही नव्हतंच, ते पावणेतीन तास एकदम गेलेले नव्हते, दहा-दहा मिनिटं करून गेले होते.

दुसरी गोष्ट निघाली ती बसची. रोजचे जाऊन-येऊन अडीच तास. सत्तरी, पेडणे, सांगे, काणकोण इकडच्या मुलांचं हे दुखणं सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याला काही इलाजही नाही. पण बसमध्ये वाचायला जाऊ नका, वळणावर मळमळतं आणि उभं राहून यायचं असेल तर वही उघडताच येत नाही. बस आठवायला चांगली. खिडकीबाहेर बघत काल त्या लेक्चरमध्ये काय झालं ते मनातल्या मनात सांगायचं, अडलं तिथे अडलं, घरी जाऊन बघायचं. हे किती कामाचं आहे ते चौथ्या पायरीत सांगते.

पायरी २: एक वेळ, एक जागा, आणि छोटी सुरुवात

डायरीतून तुमचा खरा मोकळा वेळ कळतो. भाचीचा निघाला संध्याकाळी सव्वासात ते साडेआठ. पहाटेचा अभ्यास चांगला असं घरातले मोठे सांगतात, ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावा, पण जिला सहाला बसस्टॉपवर उभं राहायचंय तिने चारला उठून काय होणार, दुपारच्या लेक्चरला डुलक्या.

मग ही वेळ रोजच्या एखाद्या गोष्टीला बांधून टाका. नुसतं 'सव्वासातला बसायचं' असं ठरवलं की ते राहून जातं, पण 'देवाजवळ दिवा लागला की टेबलावर' हे लक्षात राहतं कारण दिवा रोज लागतोच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता, नवीन सवय आपोआप व्हायला किती दिवस लागतात याचा. सरासरी निघाली ६६ दिवस, पण कुणाला १८ दिवसांत जमलं तर कुणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला. म्हणजे २१ दिवसांत सवय लागते म्हणून जे सगळीकडे फिरत असतं त्यावर विसंबू नका, बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर तुमच्यात काही खोट नाही. आणि त्याच अभ्यासात हेही दिसलं की मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपली मुलं एक दिवस चुकला की सगळंच सोडून देतात.

सुरुवात २५ मिनिटांनी करा. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं उठायचं, परत २५. ही पद्धत फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन मुलाने १९८० च्या दशकाच्या शेवटी कॉलेजात असतानाच स्वतःसाठी काढली, स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर घेऊन, म्हणून तिला पोमोदोरो म्हणतात, इटालियनमध्ये पोमोदोरो म्हणजे टोमॅटो. टायमर फोनवर लावू नका, साधं गजराचं घड्याळ घ्या. फोन दुसऱ्या खोलीत, आईजवळ दिला तर उत्तम. सायलेंट करून टेबलावर उलटा ठेवला तरी हात जातो, जाणारच.

जागा कुठलीही चालेल, एकच पाहिजे. घरात टीव्ही चालू असेल, लहान मुलं असतील तर पडवीत बसा, शेजारी काकूंच्या रिकाम्या खोलीत बसा, तालुक्याच्या सरकारी लायब्ररीत बसा. पणजीला कॉलेज असेल आणि परतीच्या बसला वेळ असेल तर पाटोवर कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी आहे, बसस्टँडपासून चालत जाता येतं. ती १८३२ साली सुरू झालेली, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक लायब्ररींपैकी एक, आणि आमच्याकडची कितीतरी मुलं समोरून बस पकडून जातात पण आत कधी गेलेली नसतात. तिथे बसून बघा, आजूबाजूला दहा जण मान खाली घालून बसलेले असले की आपलीपण मान खाली जाते.

पावसात लाईट जाते हे धरूनच चाला. चार्ज करायचा दिवा घ्या आणि सरांनी पाठवलेल्या पीडीएफ आधीच डाऊनलोड करून ठेवा, बास.

पायरी ३: लेक्चरच्या नोट्स त्याच दिवशी उघडा

कॉलेजात सर डिक्टेट करत नाहीत, बोलत जातात, आणि पहिल्या महिन्यात मुलं एकतर सगळं लिहायला जातात नाहीतर काहीच लिहीत नाहीत, बोर्डाचा फोटो काढतात. फोटो काढू नका असं नाही म्हणत, पण फोटो गॅलरीत जाऊन पडतो आणि लग्नाच्या फोटोंखाली गाडला जातो.

वहीच्या पानावर डावीकडे चार बोटं जागा सोडून रेघ मारा. लेक्चरला फक्त उजवीकडे लिहायचं, तुटक, स्वतःच्या शब्दात, मराठी-कोंकणी-इंग्लिश जसं सुचेल तसं. त्याच संध्याकाळी डाव्या जागेत त्या मजकुराचे प्रश्न लिहायचे. उजवीकडे डिमांडचा नियम लिहिला असेल तर डावीकडे 'किंमत वाढली की मागणी का कमी होते? कधी होत नाही?' असं. पानाच्या तळाला दोन ओळीत सार. अमेरिकेतल्या कॉर्नेल युनिव्हर्सिटीत वॉल्टर पॉक नावाच्या शिक्षकांनी १९५० च्या दशकात ही पद्धत मुलांना शिकवली, म्हणून कॉर्नेल नोट्स म्हणतात. एका लेक्चरला दहा मिनिटं लागतात. चार दिवसांनी करायला गेलात तर पाऊण तास लागेल, कारण आपणच काय लिहिलंय ते आपल्याला लागत नाही.

हे प्रश्न जपून ठेवा, पुढचा सगळा अभ्यास यांच्यावर चालणार आहे.

पायरी ४: पुस्तक बंद करा

आता मुख्य गोष्ट. बाकी सगळं विसरलात तरी हे ठेवा.

भाची चार वेळा वाचून गेली आणि तिला आठवलं नाही, का? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एखादी बाई समोर येते, चेहरा ओळखीचा, हसते, आपणही हसतो, पण नाव विचारलं तर येत नाही. कारण तिला आपण दहा वेळा बघितलंय पण नाव एकदाही स्वतःहून घेतलेलं नाही. चॅप्टर चार वेळा वाचल्यावर तसंच होतं, सगळं ओळखीचं वाटायला लागतं आणि आपण त्यालाच 'येतं' म्हणतो. पेपरमध्ये मात्र चेहरा समोर नसतो, नावच विचारलेलं असतं.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा प्रयोग आहे. कॉलेजच्या मुलांना एक उतारा वाचायला दिला. मग काहींनी तोच परत वाचला, आणि काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढा कोऱ्या कागदावर लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने घेतली तेव्हा उलट झालं, आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणूनच ही चूक आपल्या लक्षात येत नाही, रात्री वाचून झोपताना खरंच सगळं आल्यासारखं वाटतं, ती पाच मिनिटांची परीक्षा आपण पास झालेलो असतो. पेपर आठवड्याने असतो.

पुढे २०१३ मध्ये डनलॉस्की नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, त्यात परत परत वाचणं आणि हायलायटर मारणं दोन्ही खालच्या पायरीवर गेलं, आणि स्वतःची परीक्षा घेणं आणि अंतर ठेवून अभ्यास करणं या दोनच वरच्या पायरीवर राहिल्या. हायलायटरचं ऐकून भाचीला जरा वाईट वाटलं, तिच्याकडे पाच रंगांचे होते.

करायचं असं. एक टॉपिक एकदा नीट वाचा, समजून. पुस्तक बंद. कोरा कागद घ्या, जे आठवतं ते सगळं लिहा, क्रम चुकला तरी चालेल, आकृती काढा. कागद कोरा राहिला तरी पाच मिनिटं तसंच बसा, ती पाच मिनिटं फार त्रासाची असतात, उठून पुस्तक उघडावंसं वाटतं, उघडू नका. मग पुस्तक उघडून लाल पेनाने जे राहिलं ते भरा. त्या लाल शाईतच तुमचा उद्याचा अभ्यास आहे, काळ्यातलं तुम्हाला येतं, ते परत वाचत बसायची गरज नाही.

पहिले काही दिवस वाटेल की आपण मागे पडतोय, कारण चार पानं वाचायच्या वेळात एकच पान होतं. भाचीने दुसऱ्या दिवशीच फोन केला की मावशी हे फार हळू होतंय. मी तिला सांगितलं, तुझी चार पानं होत होती ती खरं तर होतच नव्हती.

गणित, अकाउंट्स, फिजिक्स वाल्यांनी हेच जरा वेगळ्या रीतीने करायचं. सोडवलेलं उदाहरण वाचून मान डोलावू नका, झाकून ठेवा आणि स्वतः सोडवा. एकाच प्रकारची दहा ओळीने करण्यापेक्षा तीन प्रकारची मिसळून करा, कारण पेपरमध्ये कुठलं सूत्र लावायचं ते कुणी सांगत नाही, ते ओळखणं हाच अर्धा प्रश्न असतो.

पायरी ५: विसरायला थोडा वेळ द्या, मग परत आठवा

हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून छापला, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती वेळाने किती विसरतो ते मोजायचं. त्याला दिसलं की विसरणं सुरुवातीला खूप जोरात होतं आणि मग हळू होत जातं. म्हणजे आज शिकलेलं उद्या-परवाच सगळ्यात जास्त गळतं. म्हणून पहिली उजळणी लवकर आणि पुढच्या लांब लांब. मी मुलांना साधं गणित देते: आज, परवा, आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी. प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं, आणि प्रत्येक वेळी पुस्तक बंद, डावीकडचे प्रश्न बघून उत्तर द्यायचं, उजवी बाजू हाताने झाकून.

व्याख्या, तारखा, सूत्रं यांच्यासाठी कार्डं करा. सेबास्टियन लाइटनर नावाच्या लेखकाने १९७० च्या दशकात खोक्यांची पद्धत सांगितली होती: पहिलं खोकं रोज बघायचं, दुसरं दोन-तीन दिवसांनी, तिसरं आठवड्याने. उत्तर आलं की कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलं की परत पहिल्यात. विकतची कार्डं कशाला, घरात लग्नपत्रिका पडलेल्या असतात, मागची कोरी बाजू कापून घ्या, चपलांचे खोके आहेतच. भाचीने मे महिन्यातल्या पत्रिकांची साठेक कार्डं केली, रबरबँड लावून बसमध्ये नेते. ज्यांना फोनवर पाहिजे त्यांच्यासाठी अँकी नावाचं ॲप हेच काम करतं, कार्ड कधी परत दाखवायचं ते स्वतः ठरवतं. पण फोन हातात आला की पुढे काय होतं ते वर लिहिलंच आहे.

पायरी ६: आधी आपल्या भाषेत, मग इंग्लिशमध्ये

यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण अभ्यासाच्या टिप्स देणारे सगळे हे सोडून देतात.

आपल्यातले पुष्कळ जण सरकारी मराठी प्रायमरीत शिकले. चौथीपर्यंत सगळं मराठीत, पाचवीत एकदम इंग्लिश मीडियम. घरात कोंकणी, देवळात आणि नाटकात मराठी, पेपर इंग्लिशमध्ये. पाचवीला जो धक्का बसतो तो काही मुलं पचवतात आणि काही मुलं तेव्हापासून एक युक्ती शिकतात, समजलं नाही तरी वाक्यंच्या वाक्यं पाठ करायची. दहावी-बारावीपर्यंत ती युक्ती चालते. मीसुद्धा तशीच आले होते. कॉलेजात प्रश्न फिरवून विचारतात आणि ती युक्ती तिथे संपते.

यावर उपाय म्हणजे कुठलाही टॉपिक आधी घरच्या भाषेत कुणालातरी समजावून सांगायचा. आजीला सांगा, धाकट्या भावाला सांगा, कुणी नसेल तर भिंतीला. भाचीला इलॅस्टिसिटी आणि सबस्टिट्यूट गुड्स हे दोन्ही इंग्लिशमध्ये घडाघड येत होतं, पण म्हणजे काय विचारलं की गप्प. मी म्हटलं, जून-जुलैत मासळीचं काय होतं सांग. ती म्हणाली ट्रॉलर बंद असतात, १ जून ते ३१ जुलै, मासळी कमी येते, बांगडे महाग होतात. मग तुझी आई काय करते? सुके बांगडे आणि सुकी सुंगटं (कोळंबी) काढते. आणि ज्यांना ताज्या मासळीशिवाय जेवण जात नाही ते? ते महाग असले तरी आणतात. म्हटलं झालं, सुकं हे ताज्याचं सबस्टिट्यूट, आणि दर वाढल्यावर तुझ्या घरची मागणी किती कमी झाली आणि त्यांच्या घरची किती, तीच इलॅस्टिसिटी. तिला हसू आलं, म्हणाली एवढंच होतं? एवढंच होतं.

पण इथे थांबायचं नाही, आणि इथे चूक होते ती अशी की समजलं म्हणून मुलं खूश होतात आणि लिहून बघत नाहीत. पेपर इंग्लिशमध्येच लिहायचाय. म्हणून समजल्यावर लगेच त्याच दिवशी पाच-सहा साधी इंग्लिश वाक्यं स्वतः लिहायची, पुस्तकातली नाही. छोटी वाक्यं. व्याकरण चुकलं तर चुकू दे, मित्राकडून तपासून घ्या. प्रत्येक विषयासाठी वहीच्या शेवटच्या पानावर शब्दांची यादी करा, इंग्लिश शब्द, समोर आपल्या भाषेत अर्थ, आणि तो वापरून एक वाक्य. महिन्याभरात चाळीस-पन्नास शब्द होतात आणि लक्षात येतं की एका विषयाची इंग्लिश फार मोठी नसतेच, तेच शब्द फिरून फिरून येतात.

वर्गात शंका विचारायला इंग्लिशची भीती वाटत असेल तर लेक्चर संपल्यावर बाहेर सरांना कोंकणीत विचारा. मला आजपर्यंत एकही शिक्षक भेटला नाही ज्याने कोंकणीत विचारलं म्हणून उत्तर दिलं नाही.

पायरी ७: सेमेस्टरचं कॅलेंडर चवथ धरून करा

कॉलेजचं ॲकॅडमिक कॅलेंडर मिळालं की आयएसए, असाइनमेंट आणि सेमेस्टरच्या परीक्षेच्या तारखा एका पानावर लिहा. मग त्याच पानावर चवथ (गणेश चतुर्थी), गावची जत्रा, सप्ताह, नरकासुर (दिवाळीला जाळायचा पुतळा) आणि दुसऱ्या सेमेस्टरला शिगमो (शिमगा) घाला. हे न घालता केलेलं प्लॅनिंग आपल्याकडे टिकत नाही.

चवथीच्या सुट्टीत सगळा बॅकलॉग भरून काढू असं प्रत्येक मुलगा म्हणतो. भरून निघत नाही. गणपतीवर फळांची माटोळी बांधायची असते, नेवऱ्या करायच्या असतात, मुंबईचे काका येतात, आरत्या आणि भजनं घरोघर, आणि ते सगळं करायलाच पाहिजे, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. चवथीचे मुख्य दिवस अभ्यासाला शून्य धरा, आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात रोज एक २५ मिनिटं जास्त करा. सुट्टीत फक्त कार्डं बघायची, सकाळी दहा मिनिटं, बास.

नरकासुराचं वेगळं. चवथ चार दिवसांत होते पण नरकासुर बनवायला मुलं रात्री-रात्री जागतात, दोन-दोन आठवडे, आणि सेमेस्टरची परीक्षा बहुतेक त्याच्या आगेमागेच येते. करू नका म्हणणार नाही, वाड्यावरची मुलं एकत्र येतात, हातात कला येते, त्याचं मोल आहे. पण वाड्यावर आधीच सांगून टाका की मी साडेआठनंतर येणार आणि अकराला जाणार. ज्यांनी असं स्पष्ट सांगितलं त्यांचं सगळ्यांनी ऐकलेलं मी बघितलंय.

पायरी ८: सोबत आणि जुने पेपर

ग्रुप तिघांचा किंवा चौघांचा, जास्त नाही. भेटायच्या आधी प्रत्येकाने एक टॉपिक घरी करून यायचा आणि बाकीच्यांना पुस्तक न बघता शिकवायचा. काही न करता भेटलं की गप्पा होतात, आणि गप्पांसाठी भेटायचं तर तसंच म्हणून भेटा, समुद्रावर जा.

जुने पेपर कॉलेजच्या लायब्ररीत मिळतात, सीनियर्सकडे तर असतातच. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नाही, अर्धा सिलॅबस झाला की पहिला घ्या. घड्याळ लावून, हाताने, पूर्ण वाक्यात. दिवसभर फोनवर टाईप करणाऱ्या बोटांना सलग पानं लिहायची सवय राहिलेली नाही, हात दुखतो आणि शेवटचा प्रश्न राहतो.

चॅटजीपीटीसारखी एआय टूल्स मुलं वापरतातच, तर अशी वापरा: तुमच्या नोट्स द्या आणि सांगा की मला यावर दहा प्रश्न विचार, उत्तर लगेच सांगू नकोस. उत्तर लिहून मागितलंत तर परत तेच, ओळखीचं वाटणार, येणार नाही. आणि ते कधी कधी चुकीचंही ठामपणे सांगतं, तेव्हा शेवटी पुस्तकाशी पडताळायचंच.

झोप, आणि मन

दिवसा शिकलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेत, त्यामुळे पेपरच्या आदल्या रात्री जागून जे मिळवता त्यापेक्षा जास्त घालवता. सात तास झोपा. मी नापास झाले त्या पेपरच्या आदल्या रात्री पहाटे चारपर्यंत जागी होते आणि मला आजही तो पेपर हातात घेतल्यावरचा डोक्यातला रिकामेपणा आठवतो.

आणि एखादा पेपर खराब गेला, नापास झालात, आणि सारखं रडू येतंय, जेवण जात नाही, सगळं सोडून द्यावंसं वाटतंय असं दोन-तीन आठवडे चाललं तर ते अभ्यासाच्या टिप्सने जाणार नाही. घरात सांगा, कॉलेजच्या काउन्सेलरला भेटा, आणि कुणालाच सांगता येत नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर आहे, २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, केव्हाही लावता येतो. मी नापास झाले तेव्हा महिनाभर कुणाशी बोलले नव्हते, तो महिना मला अजून सलतो.

शेवटची पायरी: तपासलेला पेपर हातात आला की

बहुतेक मुलं मार्क बघतात आणि पेपर दुमडून बॅगेत टाकतात. तसं न करता गेलेल्या प्रत्येक मार्कासमोर पेन्सिलीने एक अक्षर लिहा. माहीतच नव्हतं तर 'म'. माहीत होतं पण आठवलं नाही तर 'आ'. आठवलं पण इंग्लिशमध्ये मांडता आलं नाही तर 'इ'. वेळ पुरला नाही तर 'व'. मग मोजा. 'म' जास्त असतील तर लेक्चर आणि नोट्स, म्हणजे तिसरी पायरी. 'आ' जास्त तर चौथी आणि पाचवी. 'इ' तर सहावी, 'व' तर आठवी. सगळ्या पायऱ्या एकदम धरू नका, जिथे जास्त मार्क गेले ती एकच धरा.

भाचीच्या त्या पहिल्या पेपरात ११ गेले होते, त्यात 'आ' ६, 'इ' ३ आणि 'म' फक्त २. म्हणजे तिला वाटत होतं तसं तिला काही येत नव्हतं असं नव्हतंच. दुसऱ्या आयएसएला १४ आले. गेलेल्या ६ पैकी ४ 'व' होते, म्हणून आता दर रविवारी सकाळी ती गजराचं घड्याळ पुढ्यात ठेवून एक जुना प्रश्न लिहिते आणि मला त्याचा फोटो पाठवते.